पोहायला येतं, मग स्कूबाला का नको?

पत्र:
ताई, आम्ही मुलुंडला राहतो. धाकटा साडेनऊ वर्षांचा आहे, थोरली साडेबाराची. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेच्या फॅमिलीबरोबर मालवणला जायचं ठरलंय आणि तिथे सगळ्यांनी स्कूबा करायचं असा मिस्टरांचा आग्रह आहे. धाकटा तर दिवसरात्र त्याचेच व्हिडिओ बघतोय. तो सहा वर्षांचा असल्यापासून कालिदासच्या पूलला जातो, पाण्याची भीती अजिबात नाही, एका दमात पाण्याखालून अर्धा पूल पार करतो. फोनवर बुकिंगवाले म्हणाले की आठच्या वरचा कुणीही चालतो, पोहता येत नसलं तरी चालतं, आमचा माणूस हात धरून नेतो. थोरलीला विचारलं तर ती म्हणते 'चालेल'. मलाच धाकधूक होतेय. मिस्टर म्हणतात तू उगाच घाबरतेस, मुलालाही घाबरट करशील. तसा तो धीट आहे हो, गेल्या वर्षी फुटबॉलची मॅच बुडू नये म्हणून अंगात ताप असताना कुणाला न सांगता खेळून आला होता. काय करू? मूल नक्की कुठल्या वयात तयार असतं?
एक आई, मुलुंड

उत्तर:
ताई, आधी सरळ उत्तर देते म्हणजे तुमचा जीव खाली पडेल. धाकट्याला या दिवाळीत समुद्रात स्कूबाला पाठवू नका. आणि हे मी तुम्हाला भीती वाटतेय म्हणून सांगत नाहीये, तुम्ही पत्रात जे दोन गुण म्हणून लिहिलेत ना, एका दमात अर्धा पूल आणि ताप लपवून खेळलेली मॅच, त्या दोन गोष्टी वाचून सांगतेय. दोन्हींवर येते, पण आधी वयाचं बोलू कारण विचारलंय तुम्ही तेच.

जगात डाइव्हिंग शिकवणाऱ्या ज्या मोठ्या संस्था आहेत त्यातली एक पॅडी. त्यांचा हिशेब असा आहे की आठ वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्विमिंग पूलसारख्या बंदिस्त पाण्यात तोंडात रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, धरून श्वास घ्यायला शिकवता येतं, त्याला बबलमेकर म्हणतात, आणि तिथे खोली किती तर जास्तीत जास्त २ मीटर. मालवणला करतात तसला, आधी कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबर खाली जाऊन यायचा प्रकार, त्यांच्याकडे तो १० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही. ज्युनिअर ओपन वॉटर नावाचा खरा कोर्सही दहापासूनच, आणि तो पास झाला तरी १०-११ वर्षांच्या मुलाने १२ मीटरच्या खाली जायचं नाही आणि सोबत इन्स्ट्रक्टर किंवा स्वतः सर्टिफाइड असलेले आईबाबा हवेतच. १२ ते १४ मध्ये १८ मीटरपर्यंत, तेही सर्टिफाइड मोठ्या माणसाबरोबर. पंधरा झाली की मग तो मोठ्यांच्यात धरला जातो. म्हणजे फोनवरचा माणूस "आठच्या वर कुणीही" म्हणतो तेव्हा तो पूलमधला नियम समुद्राला लावतोय. पोहता येत नसलं तरी चालतं हे मात्र त्याचं खोटं नाही, अशा ट्रायल डाइव्हला पोहण्याची अट नसते, कोर्सला असते, २०० मीटर पोहायचं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगून राहायचं. पण अट नाही म्हणजे गरज नाही असं मुलांच्या बाबतीत मी तरी मानत नाही.

आणि हे आकडे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेले नाहीत हो. लहान मुलाचं शरीर आतून अजून बनत असतं. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या साधारण आठ वर्षांपर्यंत जोरात वाढत असतात. कान आणि घसा जोडणारी नळी मोठ्यांपेक्षा आखूड, अरुंद आणि आडवी असते, म्हणून तर पोरांना सारखे कान दुखायचे प्रॉब्लेम होतात. पाण्याखाली नेमका त्याच दोन जागांवर सगळा भार येतो.

आता तो अर्धा पूल. पोहणाऱ्या मुलाला आपण काय शिकवतो, डोकं पाण्यात गेलं की श्वास धर. तुमच्या मुलाने ते इतकं छान शिकलंय की त्याच्या अंगात भिनलंय. स्कूबामध्ये पहिला, दुसरा आणि तिसरा नियम काय असेल तर श्वास कधीही धरायचा नाही, चालू ठेवायचा, सतत. कारण १० मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो, तिथे सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा वर येताना फुगत फुगत दुप्पट होते. श्वास चालू असेल तर ती बुडबुड्यातून निघून जाते. श्वास धरला असेल तर तिला जायला वाट नाही, ती फुग्यासारखी ताणत जाते आणि फुफ्फुसालाच इजा करते, हवा रक्तात शिरली तर मेंदूपर्यंत जाऊ शकते. यासाठी खूप खोल जावं लागत नाही, पूलमध्ये सिलिंडरची हवा घेऊन दम धरून दीड-दोन मीटरवरून भसकन वर आलं तरी होऊ शकतं, कारण हवा सगळ्यात झपाट्याने फुगते ती वरच्याच काही फुटांत. मोठ्या माणसाला हे समजावून सांगितलं की तो लक्षात ठेवतो. साडेनऊ वर्षांचा मुलगा पण तुम्हाला घडाघडा म्हणून दाखवेल, पण मास्कमध्ये पाणी शिरलं आणि तो दचकला तर त्या क्षणी त्याचं डोकं चालणार नाही, सवय चालणार, आणि त्याची सवय आहे दम धरून वरच्या उजेडाकडे सुटायची. ती सवय मोडता येते, पण त्याला पूलमध्ये महिने द्यावे लागतात, बोटीवरची पंधरा मिनिटांची ब्रीफिंग पुरत नाही.

आता ताप. खरं सांगू का, तुमचं पत्र मी या एका ओळीसाठी परत परत वाचलं. तुम्ही ते धीटपणा म्हणून लिहिलंय आणि मैदानावर तो धीटपणा असेलही, पण पाण्याखाली मूल तयार आहे की नाही हे मी ज्या एका गोष्टीवरून ठरवते ती नेमकी हीच आहे, की त्रास व्हायला लागला की हा मुलगा लगेच, न विचारता, सगळ्यांची मजा बिघडणार असली तरी सांगतो का. खाली त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. चेहरा मास्कमध्ये, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे रडवेला झाला तरी दिसणार नाही. इन्स्ट्रक्टर कितीही चांगला असला तरी त्याला मुलाचा कान आतून दुखतोय हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. ते मुलानेच हात वर करून सांगायचं असतं, आणि दुखायला लागल्यावर नाही तर दुखण्याच्या आधी, नुसतं जड वाटायला लागलं की लगेच. आणि जो मुलगा मॅच बुडेल म्हणून ताप गिळतो तो "बाबा वर बोटीतून बघतायत, आत्येभाऊ करून आला, व्हिडिओ चालू आहे" अशा वेळी कान दुखल्याचं सांगेल का? मला नाही वाटत. आणि कानाचं दुखणं दाबून तसंच खाली जात राहिलं तर पडदा फाटू शकतो, थंड पाणी आत गेलं की गरगरतं, आणि पाण्याखाली गरगरलेलं मूल काय करेल याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

यात त्याची चूक नाही बरं का. त्याला ओरडू नका. आपण मोठी माणसंच "रडतोस काय, बाकीचे बघ कसे करतायत" म्हणून मुलांना हे शिकवतो. पण ते उलटं शिकवायला पाण्यासारखी जागा नाही. आजपासून घरात एक नियम करा की पाण्यात असताना त्याने "बास" म्हटलं की बास, का म्हणून विचारायचं नाही, चिडवायचं नाही, पैसे गेले म्हणून तोंड पाडायचं नाही. आणि मग बघत राहा, तो खरंच म्हणतो का. पूलमध्ये थंडी वाजायला लागली तर स्वतःहून बाहेर येतो का, का ओठ निळे होईपर्यंत "अजून पाच मिनिटं" करत बसतो. ज्या दिवशी तो मित्र पाण्यात असताना एकटा बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसेल ना, त्या दिवशी मला पत्र टाका, मी तुम्हाला वेगळं उत्तर देईन.

दहा पूर्ण होईपर्यंतचा वेळ फुकट घालवायचा असं मी म्हणत नाहीये. उलट भरपूर काम आहे आणि ते त्याला आवडेल. एक चांगला मास्क घ्या, मुलांच्या मापाचा, दुकानात पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवायचा, केस आत येऊ द्यायचे नाहीत, आणि नाकाने हलकंच आत ओढायचं, हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर, पडला तर दुसरा बघा. मग पूलच्या उथळ बाजूला उभं राहून मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घेऊन, वर बघत नाकाने फुंकून ते बाहेर काढायला शिकवा. सोपं वाटतं, पण तोंडाने श्वास आणि नाकाने फुंकर हे दोन वेगवेगळे ठेवायला मुलांना बराच वेळ लागतो, नाकात पाणी गेलं की पहिल्यांदा सगळी उठून उभी राहतात, आणि समुद्रात उभं राहायला खाली काही नसतं. जो मुलगा पूर्ण पाणी भरलेला मास्क डोळे मिटून शांतपणे रिकामा करतो आणि वर यायची घाई करत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसायला लागतो. स्नॉर्केल, म्हणजे वरचं टोक पाण्याबाहेर राहणारी नळी, तोंडात घेऊन संथ श्वास घेत तरंगायची सवय लावा, एका दमात अर्धा पूल हा खेळ काही महिने बंद.

कानांचं घरीच कळेल. कसाऱ्याच्या घाटात कानात दडे बसतात तेव्हा त्याला नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारून ते सोडवता येतात का बघा. दोन्ही कानात टक असं झालं पाहिजे, जोर न लावता. डाइव्ह करताना हे दर दोन-तीन फुटांना करत खाली जायचं असतं, दुखायची वाट बघायची नसते, आणि नाही सुटलं तर थोडं वर येऊन परत करायचं, तरी नाही झालं तर त्या दिवशी डाइव्ह नाही, विषय संपला. सर्दीत तर नाहीच नाही. तुम्ही कोकणकन्याने रात्रभर एसीच्या डब्यात झोपून सकाळी कुडाळला उतरणार, अर्ध्या पोरांची नाकं चोंदलेली असणार, आणि मग कुणीतरी पर्समधून नाकात मारायचा स्प्रे काढतं. ते अजिबात करू नका, त्याचा असर पाण्याखालीच उतरला तर हवा आत अडकते आणि वर येताना जास्त दुखतं.

डॉक्टरांचा सल्ला दोन्ही मुलांसाठी घ्या. मुलांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दमा, बालदमा, पंप कधी दिला होता का, फिट्स, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, सारखा वाहणारा कान, यातलं काही आहे का. कानाची हिस्टरी असेल तर ईएनटीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोर्सच्या आधी एक मेडिकल फॉर्म भरायचा असतो, त्यात एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला हो आलं की डॉक्टरची सही लागते, आणि लोक सही टाळायला सगळीकडे नाही लिहून मोकळे होतात. तसं करू नका हो.

आता मालवण. जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे आहे ते मुलांनी बघायलाच हवं, १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. धाकट्याला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करू द्या, तुम्ही किंवा मिस्टर हाताच्या अंतरावर, अंगात पूर्ण बाह्यांचा स्विमसूट, कारण मुलं आपल्यापेक्षा फार लवकर गारठतात आणि पाठ उन्हाने भाजते ती वेगळीच. पायाने प्रवाळाला धक्का लावायचा नाही एवढं एक सांगून ठेवा. पट्ट्यापट्ट्याचे मासे त्याला तोंड पाण्यात घालूनच दिसतील. आणि अपेक्षा थोडी जपून ठेवा, पावसाळ्यानंतर पाणी निवळायला वेळ लागतो, दिवाळीपेक्षा डिसेंबर ते फेब्रुवारीत सहसा जास्त स्वच्छ दिसतं, शिवाय दिवाळीत गर्दी एवढी असते की एका बॅचच्या डोक्यावर दुसरी उभी असते आणि घाईत कुणालाच नीट समजावून सांगत नाहीत.

मिस्टरांशी भांडू नका, त्यांना एक काम द्या. त्यांनी आधी स्वतः एकट्याने ती डाइव्ह करावी. वर आल्यावर विचारा, कान कितव्या फुटाला जड झाले, मास्कमध्ये पाणी आलं तेव्हा काय वाटलं, साडेनऊ वर्षांचे असता तर काय केलं असतं. त्यांना खरंच आवडलं तर मुलगा दहा-अकराचा होईपर्यंत त्यांनी मोठ्यांचा ओपन वॉटर कोर्स करून टाकावा, मग मुलाबरोबर खाली जायला घरचाच माणूस असेल. मुंबईत पूलमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिस करून घेणारे इन्स्ट्रक्टर आहेत, समुद्राचा भाग मग मालवणला, गोव्याला किंवा अंदमानला करता येतो. विमानाने परतणार असाल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबायचं हे लक्षात ठेवा, तिकिटं काढतानाच.

राहिली थोरली, आणि तिच्याबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलाय म्हणून मला तिची जास्त काळजी वाटली. वयात ती बसते. पण बारा वर्षांच्या मुलीचं "चालेल" म्हणजे हो असतंच असं नाही, ते बऱ्याचदा "तुम्ही सगळे एवढे ठरवून बसलात तर मी काय बोलू" असं असतं. तिला एकटीला गाठा, बाबांसमोर नाही, भावासमोर तर नाहीच, आणि विचारा की कुणीच रागावणार नसेल तर तुला काय करायचंय. मनापासून हो म्हणाली तर जरूर पाठवा, पण आधी इथे पूलमध्ये एकदा तरी रेग्युलेटर तोंडात धरून बघू दे, आणि बुकिंगवाल्याला फोन करून विचारा की एका मुलामागे एक इन्स्ट्रक्टर असतो का, तो सर्टिफाइड आहे का, तिच्या मापाचं जॅकेट आणि मास्क आहे का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, खोल जायच्या आधी उथळ पाण्यात सराव घेता का, आणि मुलगी ऐनवेळी नको म्हणाली तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला तो हसून "काही नाही हो, नेतो आम्ही, सगळ्यांना आधी भीती वाटते" म्हणाला तर फोन ठेवा आणि दुसरा बघा.

तिला खुणा घरीच पक्क्या करून द्या. आपली मुलं फोटोसाठी सवयीने अंगठा वर करतात, पण डाइव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". बिचारी कॅमेऱ्याकडे बघून मस्त म्हणून अंगठा दाखवते आणि इन्स्ट्रक्टर तिला वर घेऊन येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो समजतो की ही फोटोसाठीच करतेय आणि तिला खरंच वर जायचं असतं. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. काही बिघडलंय तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि कुठे ते बोटाने दाखवायचं, कान तर कान. जेवायच्या टेबलावर चार दिवस खेळ म्हणून करा, धाकट्यालाही घ्या त्यात.

आणि ती नको म्हणाली तर तिलाही भावाबरोबर स्नॉर्केलिंगला सोडा, मिस्टरांना मी सांगितलं म्हणून सांगा. बुकिंगचे पैसे तिच्याशी बोलणं झाल्यावरच भरा.